देवगडची बुलेट: आत काय झिजलं, काय गंजलं

(शॉट: पांढऱ्या ताटलीत काळं तेल, क्लोजअप)

हे तेल ऑइल फिल्टरच्या खणातलं आहे, आणि त्यात जे बारीक पिवळं चमकतंय ना ते नीट बघा, मेस्त्री आता चुंबक फिरवणारेत. काळी भुकटी लगेच चिकटली, पिवळं तिथंच राहिलं. म्हणजे काळं ते लोखंड, सिलिंडरच्या भिंतीचं नाहीतर पिस्टनवरच्या रिंगांचं, आणि पिवळं ते ब्राँझ, म्हणजे आतला कुठलातरी बुश (फिरत्या भागाखालची नळी) झिजत चाललाय. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, अजून उघडलेलं पण नाही हां.

गाडी १९७४ ची बुलेट ३५०. ओतीव लोखंडी सिलिंडर, उजव्या पायाला गिअर. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडायचे, नंतर सगळं इथेच बनायला लागलं. ७० मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९० मिमी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३४६ सीसी, आणि ही मापं पुढे कित्येक दशकं तशीच राहिली, म्हणून आज जामसंड्याच्या रस्त्यावरच्या एवढ्याशा गॅरेजात बसून पण हे इंजिन बांधता येतं.

मालक म्हणतात निळा धूर यायचा. मेस्त्रींचा पहिला प्रश्न, कधी? चढावर रेस दिल्यावर येत असेल तर रिंगा, आणि उतारावर रेस सोडून परत दिल्यावर भसकन येत असेल तर व्हॉल्व्ह गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी. मालकांना आठवतंय ते चढावरचं.

(शॉट: सिलिंडर उपसताना, मग आतून टॉर्च)

हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. वर बोट फिरवलं की एक काठ लागतो, तिथपर्यंत वरची रिंग येते आणि त्या काठाखालीच झीज सगळ्यात जास्त, कारण तिथे जळत्या गॅसचं प्रेशर रिंगेला भिंतीवर दाबतं आणि तेल मात्र तिथेच सगळ्यात कमी पोचतं. झीज गोल पण नसते, पिस्टन पुढे-मागे रेटतो म्हणून बोअर त्या बाजूंनी लांबट होतो.

आता मेस्त्रींची ट्रिक. एकच रिंग आधी बोअरच्या तळाशी सरळ बसवली, फिलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) रिंगेच्या दोन टोकांमधली फट मोजली, ०.४ मिमी. तीच रिंग वर आणली, फट पूर्ण १ मिमी. फरक ०.६, त्याला ३.१४ ने भागा, म्हणजे वर बोअर जवळजवळ ०.२ मिमीने मोठा झालाय. शाळेतला π, परीघ भागिले व्यास, इथे कामाला आला! मग बोअर गेज लावलं तर ते पण तेच सांगतं.

आणि खाली ही तपकिरी पट्टी दिसते? गाडी जिथे थांबली तिथे रिंगा जशा टेकल्या होत्या तशाच रेषा उमटल्यात. मेस्त्री मालकांना म्हणाले, "ह्यां झिजूक नाय, ह्यां गंजलाहा." समुद्राकडच्या पडवीत कित्येक पावसाळे गाडी ताडपत्रीखाली होती, सगळे निर्धास्त, पण व्हॉल्व्ह जरासा उघडा राहिला तरी सायलेन्सरमधून खारी दमट हवा थेट आत जाते, ताडपत्री काय करणार तिला.

आधी एका गॅरेजने न मोजताच सांगितलेलं, सरळ चाळीस मारा, म्हणजे सिलिंडर आतून कापून चाळीसचा मोठा पिस्टन बसवा. पिस्टन मिळतात वीस, चाळीस, साठ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोठे, आणि साठच्या पुढे सिलिंडरमध्ये नवा लायनर (लोखंडी नळी) बसवायचा. वीस म्हणजेच अर्धा मिमी. इथे ०.२ झीज आणि वरवरचे खड्डे, वीसमध्ये आरामात निघतं. मग चाळीस कशाला? पन्नास वर्षं टिकलेलं लोखंड एका दुपारी भुश्यात घालवायचं, ही घाई आम्हाला तरी पटत नाही.

(शॉट: कनेक्टिंग रॉड. इथे निवेदन नको, आवाज चालू ठेवा)

ऐकलंत? पिस्टन आणि क्रँकला जोडणारा हा रॉड आडवा थोडा हलतो ते बरोबर आहे, तेवढी फट लागतेच. पण वर-खाली ओढला की ठक. जुन्या बुलेटला बिग एंडला, म्हणजे रॉडच्या खालच्या मोठ्या टोकाला, फ्लोटिंग बुश असतो, क्रँकपिन (क्रँकची खिळी) आणि रॉडच्या मधे मोकळा फिरणारा, तेलावरच जगतो. ताटलीतलं पिवळं त्याचंच.

क्रँक फोंडा घाटाने कोल्हापूरला गेला, तिथलं पिन प्रेसने काढून बसवायचं काम शूट करता आलं नाही. नवीन पिन, नवीन बुश, बोअर वीसवर. खर्च मालकांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त झाला आणि टाकीचं रंगकाम त्यामुळे राहिलंय.

(शॉट: किक, मग गाडी तिठ्याकडे)

पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, मेस्त्रींची सक्त ताकीद. मग तेल बदलायला परत इथेच.