लव्हाळ्याची गाठ

(दृश्य : चोपडा तालुका. तापीकाठची केळीची बाग, सकाळ.)

दोन ओळींच्या मधे मावशी खुरपं घालतात आणि मातीतून एक काळी गाठ काढून तळहातावर ठेवतात. हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. लव्हाळ्याची. पंधरवड्यापूर्वी इथं तणनाशकाची फवारणी झाली, पाला जळाला. मावशी म्हणतात, “वरथून जळस, पन गाठ जित्ती ऱ्हास.”

(दृश्य : भुसावळ स्टेशन, रात्र.)

खान्देशातली कितीतरी घरं इथून गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्यांच्या घरात एक प्रश्न फार छळतो : रिपोर्ट चांगला आला होता, मग दुखणं उलटलं कसं?

१९९७ मध्ये टोरांटोत डॉमिनिक बोने आणि जॉन डिक या संशोधकांनी दाखवलं, की रुग्णाच्या पेशी उंदरात सोडल्या, तर तिथं पुन्हा ल्युकेमिया उभा करण्याची ताकद त्यातल्या मोजक्याच पेशींत असते. या ल्युकेमियाच्या मूळपेशी. त्यातल्या बऱ्याच हाडाच्या मगजात निजून असतात, म्हणजे एकीच्या दोन होत नाहीत. सायटाराबिन हे औषध डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशीला गाठतं. निजलेली सुटते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शक.)

आता या निजलेल्या पेशीचं अंग बघा. लहान, गोल, जवळजवळ सगळं केंद्रकच. भोवती पेशीद्रव्याची पातळ कड. आरएनए कमी, म्हणून आरएनएला धरणारा पायरोनिनचा रंग तिच्यावर फिकाच चढतो. शेजारची पेशी वाढीला लागलेली, अंगानं भरलेली. दोन होण्याआधी तिचं वजन जवळपास दुप्पट होतं. आणि ऐन विभाजनात ती पाणी ओढून फुगते, घनता उतरते. उंदराच्या ल्युकेमिया पेशींत हे २०१५ मध्ये मोजलं गेलं. काटा कसला? सिलिकॉनची थरथरणारी पोकळ पट्टी. आतून पेशी गेली, की थरथर किंचित मंदावते. त्यावरून वजन कळतं. कापूस तोलणाऱ्या आपल्या माणसांना या काट्याचं अप्रूप वाटेल. मला तर वाटतंच.

अडचण मात्र मोठी आहे. रक्ताची निरोगी मूळपेशीही अशीच निजलेली, अशीच लहान आणि फिकी. नुसत्या अंगकाठीवरून दोघी वेगळ्या काढता येत नाहीत. एकीला मारताना दुसरी जगली पाहिजे.

झोपलेल्या पेशीला आधी जागं करायचं, मग औषध द्यायचं, असेही प्रयत्न झाले. जीसीएसएफ, म्हणजे मगजातल्या पेशींना वाढीला लावणारं प्रथिन, देऊन पाहिलं. निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत.

(दृश्य : पुन्हा शेत.)

मावशींच्या शेजारचं रान रिकामं आहे. तिथं आज पाणी सोडलंय. लव्हाळा उगवून वर आला, की मगच फवारणार.