खून झालाय, आता संपादन

नमस्कार मंडळी. पत्रिकेत 'लेखनप्रक्रिया' असा जड शब्द छापलाय, तो वाचनालयाच्या लोकांनी छापलाय, माझा त्यात काही हात नाही. मी फक्त सध्या टेबलावर काय काय पडलंय ते सांगणार आहे. तीन बाडं पडलीयत. तिन्ही थ्रिलर. नाव एकाचंही ठरलेलं नाही, त्यामुळे घरात त्यांना रोरोवाली (रोरो काय ते पुढे सांगते), पीएमवाली (पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम) आणि पतसंस्थावाली असंच म्हणतात. रोरोवालीवर शेवटून दुसरा हात फिरतोय (शेवटचा कुठला ते देवाला माहीत), पीएमवालीचा खर्डा पूर्ण करून कपाटात मुरायला ठेवलाय, आणि पतसंस्थावाली अजून निम्मी पण झालेली नाही.

तीन-तीन एकदम कशाला, असं लोक विचारतात, थोडं संशयानेच विचारतात, म्हणजे ही बाई काय कारखाना चालवते का. तसं नाहीये. खर्डा संपतो तेव्हा त्यातलं वाक्यन्वाक्य मला पाठ असतं आणि पाठ असलेलं वाक्य आपण वाचतच नाही, डोळे नुसते त्याच्यावरून घसरत जातात. ते विसरायला पाहिजे. आणि नुसतं पंख्याखाली बसून विसरता येत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी खुनात अडकावं लागतं. म्हणून एक मुरत असते तेव्हा दुसरी लिहायची, दुसरी अडली की पहिली काढायची. यात शिस्त वगैरे काही नाही, सोय आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की थ्रिलरमध्ये खून ही सगळ्यात सोपी गोष्ट. खून पेपरात रोज असतो आणि आपण तो चहा पिता पिता वाचून पान उलटतो. श्वास अडकतो तो कोणाला काय माहीत आहे आणि कधीपासून माहीत आहे याच्यावर. खर्डा लिहिताना ते मलाच धड माहीत नसतं, मी त्या गोष्टीत जे घडलं ते शोधत असते. एडिटिंगला बसले की मग वाचकाला ते कधी कळू द्यायचं हे ठरतं. म्हणून मी एक एक्सेल शीट ठेवते. उभी प्रकरणं, आडवी पात्रं, आणि सगळ्यात शेवटचा रकाना 'वाचक'. प्रत्येक चौकटीत फक्त एवढंच, की या प्रकरणाच्या शेवटी याला काय माहीत आहे. ज्या प्रकरणात वाचकाचा रकाना कोरा राहिला ते प्रकरण कितीही सुंदर असो, जातं. रोरोवालीतून अशीच एक अख्खी मासळीबाजाराची सफर गेली, फार छान जमली होती, पण गेली.

आता रोरो म्हणजे काय हे काहींना माहीत असेल. कोकण रेल्वे १९९९ पासून मालाचे ट्रक अख्खे गाडीवर चढवून नेते. कोलाडला ट्रक सपाट वॅगनवर चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतो, ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून प्रवास करतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मला वाटलं की हे तर बंद खोलीचं रहस्य आहे, फक्त खोलीला भिंती नाहीत. माझ्या गोष्टीत कोलाडला एक ड्रायव्हर ट्रकसकट चढतो आणि वेर्ण्याला नुसता ट्रक पोचतो.

पहिल्या खर्ड्यात ही गोष्ट मे महिन्यात घडत होती. एडिटिंगला मी तिचा ऑगस्ट केला, कारण मला पाऊस हवा होता. कागदावर एक शब्द बदलायचा, पण बघा काय काय हलतं. एक तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात, वेळा बदलतात. माझ्या एका पात्राची सगळी अॅलिबाय म्हणजे 'मी त्या वेळी त्या गाडीत होतो', आता ती गाडीच वेगळ्या वेळेला, म्हणजे त्याचं अख्खं खोटं मला पुन्हा रचावं लागलं. आणि हे वेळापत्रकसुद्धा दरवर्षी तेच नसतं बरं का, आधी साधारण १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखूड केलं. म्हणजे कादंबरीतलं साल पण पक्कं करावं लागतं. बराचसा मार्ग अजून एकेरी, त्यामुळे मालगाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी बाजूला काढून ठेवतात. पावसात, रात्री, एखाद्या स्टेशनात गाडी उभी आहे, एक्स्प्रेस धाडधाड निघून जाते आणि मग पुन्हा शांत. माणूस गायब करायला याच्याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही.

आणि ट्रकमध्ये कांदा आहे. नाशिकचा, गोव्याला निघालेला. ऑगस्टमध्ये म्हणजे चाळीत साठवलेला कांदा, तो ताडपत्रीखाली कोंदला, थोडा भिजला, की जो वास सुटतो त्यात दुसरा कुठलाही वास लपून जातो. हे मे महिन्यात मला सुचलं नसतं. महिना बदलल्यावर गोष्टीने ते आपणहून दिलं.

एक मारामारी मात्र हातची गेली. ट्रकच्या टपावर, पावसात, धावत्या गाडीत, तुम्हाला डोळ्यासमोर दिसलंच असेल. पण २०२२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालंय आणि वर २५ हजार व्होल्टची तार आहे, टपावर उभा राहणारा माणूस व्हिलनचा ठोसा बसायच्या आधीच संपेल. मग ती मारामारी मी करबुड्याच्या बोगद्यात, केबिनमध्ये आणली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे तो. अंधार, इंजिनाचा आवाज, आणि जागा एवढी कमी की कुणालाच हात उगारता येत नाही. टपावरच्यापेक्षा ही चांगली झालीय, असं माझं मत, प्रकाशकांचं अजून कळायचंय.

बरं, आता खास मराठीत लिहिणाऱ्यांचं दुखणं. खुनी कोण हे लपवायचंय, पण त्याच्या नजरेतून दोन-तीन प्रकरणं तर हवीत, नाहीतर मजा काय. आणि आपलं क्रियापद चुगलखोर. 'आत आला' म्हटलं की निम्मे संशयित सुटले, 'आत आली' म्हटलं की उरलेले निम्मे सुटले. यातून वाट आहे पण अरुंद आहे. 'दार उघडलं. चपला हातात घेतल्या. दिवा लावला नाही.' यात बाप्या आहे की बाई काही कळत नाही, कारण क्रियापद दाराच्या, चपलांच्या, दिव्याच्या मागे गेलं. 'मी सुरी धुतली' चालतं, 'मी थांबलो' नाही चालत. 'मी उद्या येईन' चालतं, 'मी रोज यायचो' नाही. म्हणून अशा प्रकरणांच्या प्रिंटवर मी लाल पेन घेऊन फक्त क्रियापदांना गोल करत जाते, बाकी काही वाचतच नाही.

गंमत अशी की या अडचणीने लिखाण सुधारतं. 'घाबरलो' पण लिहिता येत नाही आणि 'घाबरले' पण नाही, मग काय करणार, हात कापतात, किल्ली भोकात बसत नाही, तोंडाला कोरड पडते. म्हणजे जे मी एरवी आळसात एका शब्दात उरकलं असतं ते आता दाखवावं लागतं. पुढे पुढे मला हे इतकं आवडायला लागलं की जिथे लपवायची गरज नाही तिथेही मी तसंच लिहायला लागले, ते मात्र भाचीने वाचून थांबवलं, म्हणाली मावशी तुझी सगळीच माणसं आता खुनी वाटतायत.

नावांचं पण तसंच. पीएमवालीत एक पीआय, म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर, माने आहे आणि एक हवालदार मोरे, दोघेही म, वाचक गोंधळणार, म्हणून मानेचा पवार करायचं ठरलं. सोपं वाटतं ना, कंप्युटरला सांगायचं 'माने' तिथे 'पवार' घाल. तसं सरसकट करायला गेलात तर एक म्हणजे 'मान्यांनी', 'मान्यांच्या' हे त्याला सापडणारच नाही, आणि दुसरं म्हणजे गळा दाबून मारलेली बाई आहे, तिच्या मानेवर वळ आहेत, ते थेट 'तिच्या पवारवर वळ होते' असं होऊन बसेल. शवविच्छेदन अहवालात. तेव्हा ते काम हातानेच, एकेक करून. मराठीत पात्राचं नाव बदलणं म्हणजे संध्याकाळ गेली समजा.

पीएमवालीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण ती सध्या माझी लाडकी आहे, लिहून झाली आणि मी तिला हातही लावलेला नाही, त्यामुळे असेल. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एक प्रेत येतं, सूर्यास्तानंतर. आता २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्राने रात्री पोस्टमॉर्टेम करायला परवानगी दिली खरी, पण जिथे सोयी आहेत तिथेच, आणि खून, आत्महत्या, सडलेलं प्रेत, घातपाताचा संशय अशा केसेस त्यातून वगळल्या, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे संशयास्पद प्रेत सकाळपर्यंत तिथेच राहणार. ती एक रात्र, एक शवागार, एक पेंगणारा शिपाई, आणि प्रेताशी काम असलेली वेगवेगळी माणसं. कादंबरी एवढीच आहे, संध्याकाळ ते सकाळ.

आणि तारीख मी मुद्दाम निवडलीय. प्रेत येतं १ जुलै २०२४ च्या संध्याकाळी. त्या दिवसापासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले, भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खुनाला ३०२ ऐवजी १०३. आता माणूस मेला ३० जूनच्या रात्री. बाराच्या आधी मेला तर गुन्हा जुन्या कायद्यात बसतो, बारानंतर मेला तर नव्या, आणि डॉक्टर मृत्यूची वेळ कधी मिनिटात सांगत नाहीत, ते अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान असं सांगतात आणि त्यांच्या त्या दरम्यानात मध्यरात्र बरोबर मधोमध येते. शिक्षा दोन्हीकडे तीच, जन्मठेप किंवा फाशी, मग यात थ्रिल कुठाय? थ्रिल असं की आधी नुसती एडीआर नोंदवलेली असते, अकस्मात मृत्यू, आणि पुढे गुन्हा दाखल करायची वेळ येते तेव्हा ठाणे अंमलदार बिचारा साधं विचारतो की साहेब कलम कुठलं लावू. आणि त्या प्रश्नाला एक जण नको तितक्या खात्रीने उत्तर देतो. खोलीत बाकी सगळे दरम्यान-दरम्यान करतायत आणि याला वेळ माहीत आहे.

झालं, खुनी सांगून टाकला की मी. असू दे, एडिटिंगमध्ये बदलेन.

नव्या कायद्याने आमच्या धंद्याची अजून एक जुनी सोय काढून घेतलीय. पूर्वी झडतीत वस्तू 'सापडवता' यायची, दोन ओळखीचे पंच, एक पंचनामा, झालं. आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं आहे. आमच्या ओळखीतले एक निवृत्त फौजदार माझे खर्डे वाचून देतात, ते म्हणाले बाई आता तुमच्या व्हिलनला कॅमेऱ्यासमोर वस्तू ठेवावी लागेल, विचार करा. मी विचार केला. माझ्या कादंबरीत नव्या कायद्याच्या पहिल्याच दिवशी शिपायाच्या मोबाइलची मेमरी भरलेली निघते, मुलाच्या बारशाच्या व्हिडिओंनी, आणि कुठले व्हिडिओ डिलीट करायचे यावर घासाघीस करण्यात जी मिनिटं जातात तेवढीच व्हिलनला पुरतात. तेच फौजदार मग म्हणाले, हे मात्र होऊ शकतं.

पतसंस्थावाली थोडक्यात, कारण ती मलाच अजून नीट कळलेली नाही. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं, हे ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना तोंडपाठ आहे, बाकीच्यांना नाही. नायिका पिग्मी एजंट आहे. रोज दुकान टु दुकान फिरून पैसे गोळा करणारी. तालुक्याच्या गावात प्रत्येकाचा गल्ला किती आणि प्रत्येकाची ओढाताण किती हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि तिच्याकडे कुणी बघत पण नाही. संस्था बुडायच्या महिनाभर आधी चार दुकानदार पिग्मी भरायचं बंद करतात, चौघेही वेगवेगळी कारणं देऊन. तिला ते वहीत दिसतं. त्यांना आधी कसं कळलं? इथपर्यंत आलेय. पुढचं प्रकरण दोनदा लिहून फाडलं, कारण हिशोब समजावून सांगायला गेले की वाचक झोपतो आणि नाही सांगितला तर त्याला धोका जाणवत नाही. सध्या असं ठरवलंय की हिशोब एकाच दुकानाचा दाखवायचा, एका चपलावाल्याचा, वीस-वीस रुपयांनी. बघू.

मागून कुणीतरी विचारलं की रोरोवाली कधी येणार. दिवाळीनंतर प्रकाशकांकडे जाईल, पुढचं त्यांच्या हातात. पण त्याआधी मला एक रेल्वेतला माणूस हवाय वाचायला. इथे कुणी कोकण रेल्वेत गार्ड किंवा लोको पायलट म्हणून काम केलेलं असेल, किंवा रोरोवरून ट्रक नेलेला कुणी ड्रायव्हर घरात-ओळखीत असेल, तर चहाच्या टेबलापाशी मला गाठा, मला फक्त एवढं विचारायचंय की रात्री क्रॉसिंगला गाडी थांबली की लोक खाली उतरतात का, आणि उतरलेले सगळे परत चढले हे कोण मोजतं.