तलावाच्या विसाव्या वर्षाचे पैसे

नमस्कार श्रोतेहो.

एक बादली घ्या. पोहण्याच्या तलावातल्याच पाण्याने ती भरा आणि तलावाच्या पायरीवर अशी ठेवा, की तिचा बराचसा भाग पाण्यात राहील. बादलीतलं पाणी कुठवर आहे तिथे आतून खूण करा, तलावाचं पाणी कुठवर आहे तिथे बाहेरून. चोवीस तासांनी पाहा. उन्हावाऱ्याने उडून जाणारं पाणी दोन्हीकडून सारखंच उडेल. तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल, तर तेवढं पाणी जमिनीत मुरतंय.

मी एका सार्वजनिक जलतरण तलावाच्या समितीवर काम केलं आहे. आम्ही ही चाचणी केली तेव्हा फरक एक सेंटिमीटरचा निघाला. ऐकताना तो किरकोळ वाटतो. पण २५ मीटर लांब आणि १२.५ मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर म्हणजे ३,१२५ लिटर पाणी. रोजचं. तेही गाळलेलं, क्लोरीन घातलेलं.

जुना तलाव पाडून नवा बांधायचा म्हटलं की पैशांचं गाडं कुठे अडतं, ते मला त्या बादलीपासून पुढे कळत गेलं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

तलाव खराब होतो तो आतून. पाण्यातले क्लोराइड फरशीच्या सांध्यांतून काँक्रीटमध्ये झिरपतात आणि सळईपर्यंत पोचतात. सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो भोवतालचं काँक्रीट फोडत जातो. वरची निळी फरशी मात्र तशीच चमकत असते. जमिनीखालच्या पाइपांचंही हेच. त्यामुळे ‘आता डागडुजी पुरणार नाही, तलावच नवा हवा’ असं सांगितलं की लोक विचारतात, कालपर्यंत तर मुलं पोहत होती ना? त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो. जवळपास साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोचं महास्नानगृह बांधणाऱ्यांनी विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता. पाणी धरून ठेवणं हे तलावाचं पहिलं काम, आणि तेच डोळ्यांना दिसत नाही.

न दिसणाऱ्या कामाला पैसे मिळवणं फार अवघड जातं. नवा तलाव, प्रेक्षकांची गॅलरी, प्रवेशद्वार यांना देणगीदार भेटतात. जमिनीखालच्या पाइपांसाठी, फिल्टरमधल्या वाळूसाठी मला एकही भेटला नाही. मी त्यांना दोष देत नाही. आपण दिलेल्या पैशातून काय उभं राहिलं, हे पाहावंसं कुणालाही वाटेल.

मग सुरू होतो तिढा. अनुदान देणारे म्हणतात, आधी तुमचा वाटा जमा झालेला दाखवा. देणगीदार म्हणतात, आधी अनुदान मंजूर होऊ द्या. बँक विचारते, कर्ज कशातून फेडणार? प्रत्येकाचं म्हणणं रास्त आहे, आणि त्यात वर्षांमागून वर्षं जातात. थांबण्याची किंमत काय, तेही ऐका. बांधकामाचा खर्च दरसाल ८ टक्क्यांनी वाढतो असं धरा. आज १०० लागणार असतील, तर नऊ वर्षांनी २०० लागतील. तुम्ही आजच पूर्ण १०० बँकेत ठेवले आणि ६ टक्के व्याज मिळालं, तरी नऊ वर्षांनी हाती येतात १६९. म्हणजे सगळे पैसे आज हातात असूनही, नुसतं थांबल्यामुळे ३१ कमी पडले. आमच्याकडे तर सगळे पैसेही नव्हते.

अंदाजपत्रकाचं आणखी एक दुखणं आहे. खाली काय आहे ते न तपासताच आकडा मांडला जातो. भूजल वर असेल तर रिकामा केलेला तलाव खालच्या दाबाने उचललाही जाऊ शकतो. तिथे काम कसं करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि त्याचा खर्च वेगळा. काँक्रीटचे नमुने काढणं, पाइपांना दाब देऊन तपासणं, जमिनीची परीक्षा करणं, यासाठी कुणी सहज पैसे देत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हाती आलेला पहिला पैसा इथेच घाला. निविदा निघून ठेकेदाराने खोदायला सुरुवात केल्यावर जे सापडतं, ते फार महाग पडतं.

काम चालू असेपर्यंत तलाव बंद. फीचं उत्पन्न थांबतं, प्रशिक्षक आणि जीवरक्षक दुसरीकडे काम धरतात. हाही खर्चच आहे, पण तो कुठल्याच रकान्यात येत नाही.

पंपाबाबत आमच्यात मोठा वाद झाला. वेग कमी-जास्त करता येणारे पंप महाग होते, म्हणून ते यादीतून काढायचं चाललं होतं. मी अडून बसलो. पंपाचा वेग निम्मा केला, की हिशेबाने विजेची मागणी आठव्या हिश्श्यावर येते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागतो, तरी एकूण वीज चौथा हिस्साच लागते. पंप दिवसाचे कित्येक तास चालतात. हा फरक दर महिन्याच्या बिलात उतरतो. बांधायचे पैसे एका वहीत आणि चालवायचे पैसे दुसऱ्या वहीत ठेवले, की पहिल्या वहीतली बचत दुसरीला वर्षानुवर्षं भरत बसावी लागते.

‘फी वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. थोडी वाढवावी लागते, मान्य आहे. पण फीच्या जोरावर अख्खा तलाव उभा करायला गेलात, तर ज्या मुलांना पोहायला शिकवणारं दुसरं कुणी नाही तीच आधी बाहेर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. ५ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये मृत्यूच्या कारणांत बुडणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणून मी आग्रहाने म्हणतो, की तलावाच्या रोजच्या खर्चातला मोठा वाटा सार्वजनिक पैशातूनच यायला हवा, जसा शाळेच्या खर्चाचा येतो.

आम्ही नव्या तलावाची लांबी कमी केली नाही, पण खोली कमी केली, गॅलरी वगळली. आणि पहिला खड्डा खणण्याआधी एक ठराव केला: दर महिन्याच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा वेगळ्या ठेवीत जाईल आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही. पंप दहा-पंधरा वर्षांत थकतील, विसाव्या वर्षी फरशी बोलायला लागेल. तेव्हाचे पैसे आजपासून जमतील.

तुमच्या तलावाच्या पुढच्या सभेला जाल, तेव्हा अशी ठेव आहे का, एवढं विचारा. आहे असं उत्तर आलं, तर तिच्यात शेवटचे पैसे कधी भरले ती तारीखही विचारा.

नमस्कार.