मियामाचं शिम घराणं

(मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. अध्यक्ष, कार्यकारिणी, सकाळपासून मोदकांच्या मागे लागलेल्या सगळ्या काकू-मावश्या आणि मागच्या रांगेत बसलेली आपली मुलं, सगळ्यांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा.

मला विषय दिला होता 'आपली परंपरा आणि पुढची पिढी'. या विषयाची काळजी आपण दर मेळाव्यात करतो. ज्यांनी ती चारशे वर्षं केली, असं एक कुंभाराचं घर आपण राहतो त्या जपानातच आहे. आज त्याच्याबद्दल बोलते.

क्युशू बेटाच्या दक्षिणेला, कागोशिमा प्रांतात, हिओकी शहराच्या हद्दीत मियामा नावाचं गाव आहे. जुनं नाव नाएशिरोगावा. तिथं चिन जुकान ही भट्टी आहे, आणि घराण्याचा प्रमुखही हेच नाव धारण करतो. सध्याचे चिन जुकान या वंशातले पंधरावे. जन्म १९५९चा. चौदावे म्हणजे त्यांचे वडील हयात असतानाच, १९९९ साली, घराण्याचं नाव त्यांच्याकडे आलं. कोरियन उच्चारानं हेच नाव शिम सु-ग्वान असं होतं. सात्सुमा हे या भागातलं जुनं संस्थान. जपानी कुंभारकामात तिथल्या सात्सुमा भांड्यांचा दबदबा मोठा आहे, आणि त्या सात्सुमाचं हे एक अग्रगण्य घर मूळचं कोरियाचं.

जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं १५९२ पासून १५९८ पर्यंत कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. त्या काळी जपानच्या सरदारांना चहाच्या समारंभाचं विलक्षण वेड होतं आणि त्यासाठी कोरियन वाडग्यांना सोन्याचं मोल होतं. परतताना पश्चिम जपानच्या सरदारांनी कोरियातले कुंभारच उचलून आणले. आरिता, हागी, सात्सुमा या भांड्यांच्या घराण्यांच्या मुळाशी असे पकडून आणलेले लोक आहेत. सात्सुमाचा सरदार शिमाझु योशिहिरो यानं कोरियातल्या नामवॉन आणि आसपासच्या भागांतून सुमारे ८० माणसं आणली. त्यांत शिम दांग-गिल होते. तेच या घराण्याचे पहिले.

ही माणसं १५९८ साली कुशिकिनोच्या किनाऱ्याला लागली. तिथं स्थानिकांचा त्रास झाला, म्हणून काही वर्षांनी ती नाएशिरोगावाला येऊन राहिली. ही जागा त्यांनी का निवडली, याची गावात सांगतात ती गोष्ट अशी, की इथल्या टेकड्या गावाकडच्या टेकड्यांसारख्या दिसायच्या आणि वरून समुद्र दिसायचा. त्या समुद्रापलीकडे घर होतं.

त्यांच्या कामाची पहिली अडचण मातीची होती. कागोशिमाचा प्रदेश ज्वालामुखीचा. मातीत लोह भरपूर, त्यामुळे भांडं भाजलं की काळं किंवा गडद तपकिरी निघतं. सरदाराला हवी होती कोरियासारखी पांढरी भांडी. सुरुवातीची काही पांढरी भांडी कोरियातून आणलेल्या मातीची आणि झिलईची होती, घडवणारे हातही कोरियन. जपानी होता तो फक्त जाळ. ही भांडी आजही त्याच अर्थाच्या नावानं ओळखली जातात. पण आणलेली माती किती दिवस पुरणार? शेवटी पाक प्योंग-इ या कुंभारानं सात्सुमाचा मुलूख पालथा घातला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्याच डोंगरांत पांढरी माती शोधून काढली. ती सापडली, म्हणून पांढरा सात्सुमा झाला. हा पांढरा रंग चुन्यासारखा फटफटीत नसतो. साय धरलेल्या दुधासारखा किंचित पिवळसर असतो आणि त्याच्यावर झिलईच्या बारीक भेगांचं जाळं असतं. भट्टीतून निघालेलं भांडं थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते आणि तडकते. भट्टी उघडल्यावर कितीतरी वेळ भांड्यांतून बारीक टिणटिण ऐकू येत राहते.

पांढरी भांडी सरदाराच्या घरासाठी. लोकांच्या वापराला काळी. काळ्या सात्सुमाचं सगळ्यांत लाडकं भांडं म्हणजे शोचू ही तिथली दारू गरम करायची चपटी, बुटकी किटली. कागोशिमात तिला जोका म्हणतात. मला स्वतःला पांढऱ्यापेक्षा हे काळं भांडं जास्त आवडतं. ते रोज वापरलं जातं.

आता भाषेकडे येते. सात्सुमाच्या राज्यकर्त्यांनी या गावाला एक विचित्र नियम लावला होता. तुम्ही कोरियनच राहायचं. जपानी नावं घ्यायची नाहीत, पोशाख कोरियन ठेवायचा, आपसातच लग्नं करायची, भाषा विसरायची नाही. बदल्यात मान जवळजवळ सामुराईचा. यामागे त्यांचा स्वार्थ होता. कोरियन जहाजं वादळात भरकटून किनाऱ्याला लागली की दुभाषे या गावातून जायचे. त्यासाठी मुलांना पुस्तकांवरून कोरियन शिकवलं जाई. त्या पुस्तकांची हस्तलिखितं क्योतो विद्यापीठात आहेत. नीट विचार केला तर आपण मंडळात जे जे करायचं म्हणतो ते सगळं तिथं होतं. वर्ग, पाठ्यपुस्तकं, पोशाख, आणि वर राजाचा हुकूम.

पुढे मेइजी काळ आला. १८७१ साली संस्थानं खालसा झाली, हुकूम संपला, मान गेला. नव्या नोंदणीत गावकरी सामान्य प्रजा ठरले. वर कोरियन नावामुळे हिणवलं जाऊ लागलं. अनेकांनी आडनावं बदलली. यांतल्याच एका पाक घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या मुलाच्या वडिलांनी तोगो हे सामुराई आडनाव मिळवलं. तो मुलगा म्हणजे तोगो शिगेनोरी, १९४१ च्या डिसेंबरात आणि पुन्हा १९४५ मध्ये युद्ध संपताना जपानचा परराष्ट्रमंत्री. आणि दोन-अडीचशे वर्षं हुकमानं टिकवलेली भाषा? ती पुढच्या काही पिढ्यांत बोलण्यातून गेली. गावात तामायामा नावाचं देऊळ आहे, तिथं कोरियाचा आदिपुरुष दानगुन पुजला जात असे. त्या देवळात म्हणायचं एक कोरियन गाणं उरलं. आजचा दिवस रोज असाच असो, अशी त्यात प्रार्थना आहे. शब्द पाठ राहिले, पण म्हणणाऱ्यांना अर्थ लागेना.

मातीकाम मात्र गेलं नाही. त्याची हकीकत मला भाषेइतकीच महत्त्वाची वाटते.

संस्थान बुडालं तेव्हा गावातल्या भट्ट्यांचा एकमेव मोठा गिऱ्हाईकही बुडाला. बारावे चिन जुकान (१८३५–१९०६) त्या वेळी ऐन तिशीत होते. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांच्या हातच्या मोठ्या फुलदाण्यांची जोडी गेली आणि युरोपात सात्सुमाची मागणी उसळली. १८७५ साली त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. त्यांनी जुन्या भांड्यांच्या नकला करत बसायचं नाकारलं. मातीत जाळी कोरण्याचं तंत्र त्यांनी इतकं पुढे नेलं, की त्यांची धूपपात्रं आज संग्रहालयात पाहताना ती मातीची आहेत हे डोळ्यांना पटत नाही. पुढच्या पिढ्यांनी जुकान हे त्यांचंच नाव घराण्याचं नाव म्हणून धारण केलं. मागणी वाढली तसा योकोहामा, क्योतो इथं सात्सुमाच्या नावावर स्वस्त मालही सुटला. आजही जुन्या बाजारात 'सात्सुमा' म्हणून मिळणारं बरंचसं भांडं सात्सुमात घडलेलंच नसतं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाच्या जपानी दालनात सात्सुमा पाहिला असेल, तर त्या सोनेरी, भरगच्च निर्यातीच्या काळाची कल्पना येईल.

ही जाळी कशी कोरतात ते मी मियामात पाहिलं. भांडं चाकावरून उतरवून थोडं सुकू देतात. धड ओलं नाही, धड वाळलेलं नाही, अशा वेळी काम सुरू होतं. आधी आखणी. मग प्रत्येक घरात बारीक भोक, आणि मग अरुंद पात्याच्या सुरीनं आतली माती कडेकडेनं काढायची. दोन छिद्रांच्या मधे उरते ती मातीची काडी. मी पाहत होते ती कोरणारी बाई शेजारचा कारागीर काय करतोय हे न बघता एक काडी कोरायची, ओल्या ब्रशनं तिची कड पुसायची, भांडं बोटभर फिरवायची, पुढची काडी घ्यायची. पुढचा भाग मधेच सुकू नये म्हणून त्याच्यावर ओलं फडकं. एक काडी तुटली तर आधीच्या शेकडो काड्या फुकट. सगळं साधलं तरी भट्टीत भांडं आकसतं, आणि आकसताना जाळी वेडीवाकडी झाली तर तेही गेलंच. या भट्टीत चाकावरचा वेगळा, कोरणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. जुकान हे नाव एका माणसाचं असलं, तरी भांड्यात पाच-सहा जणांचे हात असतात. वारसा एकट्या मुलाच्या डोक्यावर नसतो, हे मला तिथं फार दिलासा देणारं वाटलं.

वारस मुलगे सरळ चाकावर येऊन बसले असंही नाही. तेरावे क्योतोच्या विद्यापीठात शिकले. चौदावे (१९२६–२०१९) वासेदा विद्यापीठात शिकले, काही काळ एका खासदाराचे सचिव होते, आणि १९६४ साली भट्टीवर आले. कोरियन नावामुळे लहानपणी शाळेत मार खाल्ल्याचं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. १९६६ च्या सुमारास ते सोलला विद्यापीठात बोलायला गेले, तेव्हा तरुण कोरियन विद्यार्थ्यांच्या मनात जपानी राजवटीच्या ३६ वर्षांचा राग धगधगत होता. ते त्यांना म्हणाल्याचं सांगतात, की हा राग मला समजतो, पण तुम्ही ३६ वर्षांचं बोलत राहिलात तर मला ३७० वर्षांचं बोलावं लागेल. एवढा मोठा माणूस, ज्याच्या पूर्वजांना बांधून आणलं होतं, तो हे म्हणतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पंधरावेही वासेदातूनच १९८३ साली बाहेर पडले. मग क्योतोला कुंभारकामाचं शिक्षण, १९८८ साली इटलीतल्या फाएन्झाची मातीकामाची शाळा. आणि १९९० साली ते कोरियात गेले, ते किमचीचे रांजण बनवणाऱ्या कारखान्यात काम करायला. घरी सोन्याच्या नक्षीचा, हस्तिदंती रंगाचा नाजूक माल, आणि हा मुलगा कोरियात जाऊन लोकांच्या अंगणातले थोराड रांजण करायला शिकतो. पूर्वजांच्या देशाशी नातं जोडायला त्यांनी भाषण, पुतळा, स्मारक असलं काही न घेता मळलेली माती घेतली.

१९९८ साली या आगमनाला चारशे वर्षं झाली. तेव्हा चौदाव्यांच्या पुढाकारानं नामवॉनहून ज्योत पेटवून समुद्रमार्गे मियामाला आणली. चारशे वर्षांपूर्वी माती, झिलई, हात सगळं कोरियाचं आणि जाळ तेवढा जपानचा होता. या वेळी माती जपानची, हात जपानचे, आणि जाळ कोरियाचा.

आता आपलं. तंजावरला व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्या आपल्या लोकांच्या घरांत साडेतीनशे वर्षांनंतर आजही मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळ इतकी मिसळली आहे की पुण्याच्या माणसाला कान टवकारावे लागतात. ती कुणाच्या हुकमानं टिकलेली नाही. स्वयंपाकघरात, देवघरात, भाऊबंदांच्या भांडणात तिची गरज पडत राहिली म्हणून टिकली. नाएशिरोगावाच्या भाषेला तसं काम उरलं नाही. मातीला उरलं.

म्हणून मला वाटतं, मुलांकडून मराठी गाणी पाठ करून घेणं चांगलंच आहे, पण अर्थ न लागणारं गाणं त्या देवळातही होतं. सकाळी आपल्या मुलांनी खालच्या हॉलमध्ये मातीचे गणपती केले. माती इथल्याच दुकानातली. सोंड कुठल्या बाजूला, उंदीर किती मोठा, माझं पाणी कुणी सांडलं, यावरून तासभर मराठीत जी जुंपली ती मी ऐकत होते. त्यात जपानी शब्द होते, इंग्रजीही होते, पण भांडण मराठीत होतं. असं काम आपण वर्षातून एकदाच का देतो? महिन्यातून एकदा का नको? स्वयंपाक, नाटकाचे पडदे, अंकाची जुळणी, काहीही. कार्यकारिणीनं याचा विचार करावा, आणि मी त्यातला एक महिना घ्यायला तयार आहे.

आणि एक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मियामात भट्ट्यांचा उत्सव भरतो, सगळ्या कार्यशाळा लोकांसाठी खुल्या असतात. कागोशिमा-चुओहून लोकलनं इजुइनला उतरायचं, पुढे बस किंवा टॅक्सी. चिन जुकानच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांड्यांचं संग्रहालय आहे, ते आधी पाहा आणि मग कार्यशाळेत जा. बाराव्यांचं जाळीकाम पाहून आलं की कोरणाऱ्या हातांकडे बघायची नजरच बदलते. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नावं द्या. मुलांसह येणाऱ्यांची आधी घेईन.