जपानच्या जर्सीतला मात्सुझाका

नमस्कार मंडळी, कसं काय कोल्हापूर! आज फुटबॉल नाही, कुस्ती पण नाही, आज बेसबॉल. थांबा थांबा, स्टेशन बदलू नका, माणूसच तसा आहे... दाइसुके मात्सुझाका, जपानचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर समजा.

1998 च्या कोशिएनला, म्हणजे तिकडच्या शाळांच्या मोठ्या स्पर्धेत, ह्या पोरानं एका मॅचला एकट्यानं 17 इनिंग बॉल टाकले, 250 बॉल! आणि पुढं फायनलला समोरच्या टीमला एक हिट मारू दिला नाही. म्हटल्यावर देशाच्या टीमला हा लागणारच की.

पण देशाच्या जर्सीत सुरुवात काय गोड झाली नाही बरं का. 2000 ला सिडनी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझची मॅच कोरियाकडनं हरले, तेव्हा बॉल ह्याच्याच हातात, वय 20. मग 2004 चं अथेन्स, सेमीफायनल ऑस्ट्रेलियाशी, ह्यानं 13 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये आऊट केलं, आणि तरी मॅच 1-0 नं गेली, कारण जपानच्या बॅट्समननी एक रन काढून दिला नाही हो. शाहू स्टेडियमवर सगळी मॅच जीव तोडून अडवून एका गोलनं हरलेल्या गोलकीपरला विचारा काय वाटतं ते. ब्राँझ मिळालं शेवटी, पण मला विचाराल तर त्याची सगळ्यात भारी मॅच ती हरलेलीच.

त्यानंतर मात्र नाद खुळा. 2006 ला पहिली वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे बेसबॉलचा वर्ल्ड कपच समजा, सॅन दिएगोला फायनलमध्ये क्युबाला 10-6 नं हरवलं, एमव्हीपी, म्हणजे स्पर्धेतला सगळ्यात भारी खेळाडू, मात्सुझाका. 2009 ला परत जपान, परत एमव्हीपी हाच.

आता गंमत बघा, गंमत कसली, 2009 ला कमरेच्या सांध्याजवळ दुखत होतं ते ह्यानं कुणाला सांगितलंच नाही, तसाच खेळला. 2008 ला बोस्टन रेड सॉक्सकडनं, म्हणजे त्याच्या अमेरिकेतल्या क्लबकडनं, 18 मॅच जिंकलेला माणूस 2009 ला फक्त 4 जिंकला. बोस्टनवाले चिडले असतील तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पगार ते देत होते. पण देशाची जर्सी मिळाल्यावर दुखणं लपवणारे आपल्या तालमीत पण कमी नाहीत, कोच लोकांनी जरा कान पिळायला पाहिजेत.

इचिरोचे, म्हणजे जपानच्याच स्टार बॅट्समनचे, फॅन म्हणतील, 2009 च्या फायनलला दहाव्या इनिंगला मॅच काढली ती इचिरोनं. खरंय, काढली. पण दोन्ही एमव्हीपी मात्सुझाकाकडं आहेत, त्यामुळं भांडण करायचं असेल तर फोन करा, लाईन चालू आहे.