पाणी काढा, बाकी सगळं फुकट आहे

नमस्कार मंडळी. आजचा विषय घरातली ऋतूप्रमाणे बदलणारी सजावट, आणि तीही झाडाखाली पडलेल्या किंवा बागेत मिळणाऱ्या वस्तूंची. यात पैसे कसे वाचतात ते सांगायला मी आलेले नाही, ते आपोआप वाचतात. मला बोलायचंय पाण्याबद्दल. कारण पान, फूल, फांदी, शेंग काहीही घरात आणा, ते टिकणार की आठ दिवसांत काळं पडून वास मारणार हे एकाच गोष्टीवर ठरतं, त्यातलं पाणी तुम्ही कसं आणि किती लवकर बाहेर काढलंत.

याचा पुरावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतानखामुन राजाचं थडगं सापडलं, त्याच्या शवपेट्यांवर फुलांचे हार होते, कॉर्नफ्लॉवर नावाची निळी फुलं, ऑलिव्हची पानं, आणि तीन हजारांहून जास्त वर्षं होऊनही त्यात रंगाची थोडी झाक शिल्लक होती. कुठलं केमिकल नाही की काही नाही, फक्त कोरडी हवा आणि अंधार. आपल्याला घरी नेमकं हेच करायचंय.

आता फुलं. गुलाबासारखी फुलं अर्धवट उमललेली असतानाच कापा, कारण वाळता वाळता ती अजून थोडी उघडतात, पूर्ण उमललेलं घेतलं तर पाकळ्या गळतात. सकाळचं दव उडून गेल्यावर कापा, म्हणजे वरचं पाणी तरी आधीच गेलेलं असतं. खालची पानं काढून टाका, पाच-सहा देठांची छोटी जुडी करा आणि ती दोऱ्याने नको, रबरबँडने बांधा. हे बारीक वाटेल पण फार महत्त्वाचं आहे, देठ वाळले की आकसतात, दोऱ्याची गाठ सैल पडते आणि एकेक फूल खाली, रबर मात्र देठाबरोबर आवळत जातं. जुडी उलटी टांगा म्हणजे मान वाकत नाही. जागा अंधारी आणि हवा खेळती हवी, उन्हात टाकलं तर वाळेल लवकर पण रंग उडतो. दोन ते तीन आठवडे द्या. पिवळे-केशरी रंग बऱ्यापैकी टिकतात, लाल गडद होऊन काळपट तांबड्याकडे झुकतो, पांढरं क्रीम होतं, तेव्हा पांढऱ्याची फार आशा ठेवू नका.

पातळ, चपटी फुलं आणि पानं असतील तर दाबून वाळवा. सोळाव्या शतकात इटलीतल्या लुका गिनी या वनस्पतीतज्ज्ञाने झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायला सुरुवात केली असं मानतात, आजही तीच पद्धत चालते. टिपकागद किंवा साधा रद्दी पेपर घ्या, गुळगुळीत मासिकाचा नको, तो पाणी शोषत नाही. पहिले काही दिवस कागद रोज बदलायचा, लोक नेमकं हेच करत नाहीत आणि मग बुरशी आली म्हणून पद्धतीला नावं ठेवतात.

ग्लिसरीनची पद्धत मला स्वतःला सगळ्यात आवडते. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, नीट ढवळून घ्या. हिरव्या, जून पानांची फांदी घ्या, कोवळी नको ती मान टाकते, आणि देठाचं टोक ठेचून त्या पाण्यात उभी ठेवा. फांदी हे पाणी वर ओढते, पानांतून पाणी उडून जातं पण ग्लिसरीन उडत नाही, ते आत राहतं आणि ओल धरून ठेवतं, म्हणून पान कुरकुरीत न होता मऊ, लवचिक राहतं. दोन-तीन आठवड्यांत रंग तपकिरीकडे जातो, आणि पानाच्या कडेला तेलासारखे बारीक थेंब दिसायला लागले की पोट भरलं समजा, बाहेर काढा. फक्त पानगळीत रंग बदललेली लाल-पिवळी पानं यात घालू नका. तोपर्यंत झाडाने देठाशी बूच बसवलेलं असतं, पाणी वर चढतच नाही. ती दाबूनच वाळवा.

पाइनकोन, म्हणजे चीडच्या झाडाचे खवल्यांचे सुके शंकू आणले तर एक गंमत जरूर करून बघा. पाण्यात टाका, काही वेळात मिटतो, वाळला की परत उघडतो. खवल्याच्या बाहेरच्या बाजूचा थर ओला झाला की जास्त फुगतो आणि खवला आत वळतो, म्हणजे मेलेला असला तरी हलतो, कोरड्या हवेत बी वाऱ्यावर सोडायची म्हणून. घरात ठेवण्याआधी ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांवर अर्धा तास ठेवा, समोर उभं राहून, कारण त्यात राळ असते आणि ती पेट घेते. किडे मरतात, चिकटपणाही कमी होतो. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं तरी चालतं, काटक्या आणि शेंगांनाही हेच करा.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगते. लाल-काळी गुंज दिसायला कितीही सुंदर असली तरी लहान मुलं किंवा जनावरं असलेल्या घरात नको, आणि माळेसाठी तिला भोक तर मुळीच पाडू नका, कवच फुटलं की आतलं विष जीवघेणं आहे. कण्हेरीचं तर सगळं झाडच विषारी. दुसरं म्हणजे आग, वाळलेल्या सजावटीजवळ मेणबत्ती किंवा दिवा नाही म्हणजे नाही, बॅटरीवरचे छोटे एलईडी लावा.

रानात गोळा करताना पडलेलंच उचला. शेवाळ खरवडू नका, ते फार हळू वाढतं. घरटं रिकामं वाटलं तरी राहू द्या आणि सगळे बियांचे तुरे ओरबाडू नका, पाखरांना लागतात.

आणि सोनेरी स्प्रे, ग्लिटर यांना माझा स्पष्ट विरोध आहे. बहुतेक ग्लिटर म्हणजे प्लास्टिकच असतं, युरोपियन युनियनने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी घातली ती उगीच नाही. न रंगवलेलं पान ऋतू संपला की कुस्करून कुंडीत टाकता येतं, स्प्रे मारलेलं मात्र कचऱ्यातच जातं. पानं-फुलं खोचायच्या गोल चक्रासाठी वेली ओल्या असतानाच वळवून सुतळीने बांधल्या, तर तारही लागत नाही, आणि तोच सांगाडा दर ऋतूला नवी पानं-फुलं खोचायला वापरता येतो. फक्त तो पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून हवा लागली पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.