असामान्य माणसाचं भय: मुरूड ते महाड

(दृश्य: शिमगा. ढोलताशांत नाचणारी ग्रामदेवतेची पालखी, सारवलेलं अंगण, ओटी भरणाऱ्या बायका.)

शिमग्यात देवी स्वतः घरी येते. त्यासाठी चाकरमानी मुंबईहून रजा काढून येतात, अंगणं सारवली जातात. पालखी टेकते, ओटी भरली जाते, गाऱ्हाणं होतं आणि पालखी पुढच्या घराकडे निघते.

पण रायगड-रत्नागिरीत अशीही घरं आहेत, जिथे ती थांबत नाही. त्या घराला गावकीनं वाळीत टाकलेलं असतं. वाण्यानं त्यांना सामान द्यायचं नाही, लग्नाचं बोलावणं द्यायचं नाही, घरात मयत झालं तरी खांदा द्यायला जायचं नाही, आणि जो बोलेल त्याला दंड. कारणं काय असतात? मर्जीनं लग्न केलं. गावकीनं ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणुकीला उभं राहिलं. जमाखर्चाचा हिशेब विचारला. गावकीचं उत्तर ठरलेलं असतं: नियम सगळ्यांना सारखा आहे, तुम्ही कोण वेगळे?

(दृश्य: रिकामं समाजमंदिर, भिंतीला लावलेल्या सतरंज्या.)

हेच उत्तर एका अख्ख्या देशाचा कायदा झालं तर? अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांनी १९६१ मध्ये ‘हॅरिसन बर्जरॉन’ या छोट्या कथेत असाच देश रंगवला. साल २०८१. राज्यघटनेला दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्यात आणि आता कुणी कुणापेक्षा हुशार नाही, देखणं नाही, चपळ नाही. कुणाला वर आणून हे साधलेलं नाही. ज्यांच्याकडे काही जास्त आहे, त्यांना खाली दाबून साधलंय. ताकदवानाच्या गळ्यात शिशाच्या छऱ्यांची पिशवी, तिला कुलूप. सुंदर चेहऱ्यावर मुखवटा. आणि ज्याचं डोकं चालतं त्याच्या कानात सरकारी रेडिओ. दर काही सेकंदांनी त्यातून कर्कश आवाज येतो आणि मनात जुळत आलेला विचार तुटतो.

या कथेतला मला सगळ्यात भयंकर वाटणारा माणूस म्हणजे हॅरिसनचा बाप. हातात बंदूक असलेली सरकारी अधिकारी बाईसुद्धा त्याच्यापुढे कमी भयंकर वाटते. बापाच्या गळ्यात सत्तेचाळीस पौंडांचं ओझं आहे. बायको मायेनं म्हणते, घरात तरी थोडे छरे काढून ठेवा. तो नको म्हणतो. प्रत्येकानं अशी लबाडी केली तर पुन्हा स्पर्धेचे जुने दिवस येतील, ही भीती त्याच्या मनात पक्की बसली आहे. ज्याचा गळा कापला जातोय तोच व्यवस्थेचा वकील झालाय. गावकीचं बळही याच जागी असतं. आज वाळीत पडलेला माणूस काल त्याच सतरंजीवर बसत होता.

हॅरिसन चौदा वर्षांचा, सात फूट उंच, अफाट बुद्धीचा. तो तुरुंगातून निसटतो, टीव्हीच्या स्टुडिओत घुसतो, अंगावरचं सगळं लोखंड तोडतो आणि एका नर्तकीबरोबर सगळ्या देशासमोर नाचतो. तिथेच दोघांना गोळ्या घातल्या जातात. आई हे टीव्हीवर पाहत असते, बाप तेवढ्यात स्वयंपाकघरात गेलेला असतो. तो परततो तेव्हा त्याच्या कानात आवाज होतो, आणि आई रडलेली असते. ती का रडली हे तिलाच आठवत नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीनं शहरं रिकामी केली, चलन आणि शाळा बंद केल्या, सगळ्यांना काळे कपडे घालून शेतावर जुंपलं. शिक्षक, डॉक्टर, शिकलेली माणसं हेरून मारली. त्या चार वर्षांत साधारण पंधरा ते वीस लाख जीव गेले.

(दृश्य: दापोली तालुक्यातलं मुरूड. सुरूची झाडं, नारळीपोफळीच्या वाड्या, पाखाडी.)

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. हे मुरूड, हर्णैपासून जवळ. धोंडो केशव कर्वे इथे वाढले. १८७५ मध्ये परीक्षेसाठी इथून पायी निघून, सह्याद्री चढून ते साताऱ्याला पोहोचले आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला न बसता परत आले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गावाला ते विसरले नाहीत. बाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांच्या कमाईतून गावाच्या कामांसाठी पैसे जमावेत म्हणून ‘मुरूड फंड’ त्यांनीच उभा केला.

१८९३ मध्ये त्यांनी देवरूखच्या गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरूडात सभा भरली आणि बहिष्काराचा ठराव झाला. कर्वे गावी येऊन घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं. हे नीट पाहायला हवं. पुण्यातल्या प्राध्यापकाला गाव फारसं काही करू शकत नव्हतं, म्हणून वार झाला तो गावात राहिलेल्या आईवर आणि भावावर.

तो समाज समतेचा होता, असं कुणी म्हणणार नाही. जातीजातींत उतरंड होती. पण जातीच्या आत सगळ्यांनी एकाच मापाचं असायचं, ही सक्ती पक्की होती. त्या मापाबाहेर गेलेला माणूस जातीला शत्रूसारखा वाटला, कारण त्याला पाहून उरलेल्यांना कळत होतं की असंही जगता येतं.

(दृश्य: महाड. सावित्री नदी, बाजारपेठ, मग चवदार तळं.)

मुरूडहून मंडणगड, तिथून महाड. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांच्या पूर्वजांचं गाव. १९२७ मध्ये ते महाडला आले तेव्हा लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी त्यांच्या नावावर होती, आणि मागणी काय, तर तळ्यातलं पाणी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ मध्येच केला होता. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं कागदावर लिहून ठेवलं होतं. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं रांगेनं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर लाठ्या चालल्या. पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. तळ्याच्या हक्काचा खटला वर्षानुवर्षं चालत राहिला, आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयानं तळं सर्वांचं असल्याचा निकाल दिला.

समता म्हटली की काहींना २०८१ ची भीती वाटते. त्यांनी या पायऱ्यांवर उभं राहून पाहावं. त्या दिवशी कुणाची ओंजळ लहान केली गेली नाही. ज्यांना तळ्याच्या काठालाही उभं राहू दिलं जात नव्हतं, ते आत उतरले, एवढंच झालं. लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण तिथे करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हे स्पष्ट केलं आहे. माणसामाणसांत गुणांचं अंतर असतं, हे ते मान्य करतात. पण समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त हवं असेल, तर शर्यतीच्या सुरुवातीलाच सगळ्यांना शक्य तितकं समान उभं करा, असं ते सांगतात.

(दृश्य: संविधान सभेची जुनी छायाचित्रं.)

हॅरिसनबद्दल एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. साखळ्या तोडण्याआधीच तो ओरडतो की मी सम्राट आहे, सगळ्यांनी माझी आज्ञा पाळायची. कथेवर जीव लावणारे पुष्कळ लोक हे वाक्य गाळून पुढे जातात. मला ते गाळता येत नाही. दबलेला माणूस सुटला की तो कसा वागेल, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन्ही बाजू एकाच भाषणात मांडल्या. स्वातंत्र्याशिवायची समता माणसाची उमेद मारून टाकते, आणि समतेशिवायचं स्वातंत्र्य मूठभरांना बहुतेकांच्या डोक्यावर बसवतं. त्याच भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणातली विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे सांगणारा माणूस स्वतः त्या सभागृहातला सर्वांत उंच बुद्धीचा होता, आणि तरी त्याला सम्राट व्हायचं नव्हतं. कर्व्यांचंही तसंच. ज्यांच्या गावानं त्यांना बाहेर काढलं, त्याच कर्व्यांनी १९४४ मध्ये, पंचाऐंशी वर्षांचे असताना, पुण्यात समता संघ काढला.

(दृश्य: तालुक्याचं पोलीस ठाणं, एसटी स्टँड, संध्याकाळची गर्दी.)

सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आता महाराष्ट्रात आहे. विधिमंडळानं तो २०१६ मध्ये केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बैठकीत बहिष्काराच्या बाजूनं मत देणाराही त्यात सापडतो. तक्रार पोलिसांत देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही देता येते. तुमच्या वाडीत असं एखादं घर असेल, तर ही माहिती आधी त्या घरात पोहोचवा. आणि पुढच्या शिमग्याच्या बैठकीत, पालखीचा मार्ग ठरत असताना, त्या घराचं नाव घ्या.